धने, संत्रं आणि साठ दिवस

घरच्या घरी बियर? तीही धने-संत्र्याची? सनीव्हेलमधल्या एका टू-बेडरूम फ्लॅटमध्ये शिजलेल्या उन्हाळी व्हीट बियरची ही रेसिपी... आणि तिच्यामागे टिकटिकणाऱ्या घड्याळाची गोष्ट.

धने आमटीत पडतात, लोणच्यात पडतात, उन्हाळी लागली की आई ते रात्रभर भिजवून सकाळी पाणी प्यायला लावते. बियरमध्येही धने पडतात, हे मात्र मला कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला जाऊन कळलं. आणि नुसते पडत नाहीत, तर तिथले बियर करणारे लोक मुद्दाम इंडियन ग्रोसरीत शिरून आपले लांबुडके देशी धने शोधतात! सुपरमार्केटातले गोल धने म्हणे जरा उग्र. आपल्या धन्यांना लिंबाच्या सालीसारखा वास असतो. (घरी जाऊन डबा उघडून बघा. खरंच असतो.)

हे ज्ञान देणारा प्राणी सांगलीचा. माझ्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा, इंजिनीअरिंगचा रूममेट. पस्तिशीचा, सॉफ्टवेअरवाला, आणि छंद काय तर घरी बियर करण्याचा. पिण्याचा नव्हे हं, करण्याचा. स्वतः जेमतेम दोन बाटल्या पितो आणि उरलेल्या दोस्तमंडळींमध्ये वाटून टाकतो. असे दोस्त सगळ्यांना मिळोत!

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मी दादा-वहिनीकडे सुट्टीला गेले आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, याच्या इनबॉक्समध्ये 'ती' मेल आली. लेऑफ. लॅपटॉप दहा मिनिटांत लॉक, बॅज बंद, सहा वर्षांचं ऑफिस खलास. आपल्याकडे नोकरी गेली की माणूस घरी बसतो, चार ठिकाणी सीव्ही टाकतो. तिकडे एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्याची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने कागदपत्रं दाखल करायची, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज करायचा, नाहीतर बॅग भरायची.

पुढच्या आठवड्यात याचा दादाला फोन. 'शनिवारी उन्हाळ्याची बॅच लावतोय. येताय का?'

'याचं डोकं ठिकाणावर आहे ना?' वहिनीने विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तरही तितकंच रास्त निघालं. चौदा दिवस फसफसायला, चौदा दिवस बाटलीत मुरायला. अठ्ठावीस. शनिवार नववा दिवस होता. 'सदतिसाव्या दिवशी प्यायला मिळेल. साठात बसतंय!' आणि मग थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, 'पुण्याला परत जावं लागलं तर हे परत करता येणार नाही ना.'

हौस इथे, गुन्हा तिथे

हे शेवटचं वाक्य नीट समजून घ्यायला हवं. अमेरिकेत दारूबंदी उठली १९३३ मध्ये. घरी वाइन करायला तेव्हा मुभा मिळाली, पण बियर त्या यादीतून राहूनच गेली. तब्बल ४५ वर्षं लोक चोरून-मारून बियर करत राहिले. अखेर ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरची बियर कायदेशीर झाली. अट एवढीच की विकायची नाही. एका प्रौढ माणसामागे वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. एवढी बियर पिणारं कुटुंब मला तरी माहीत नाही! राज्यांचे कायदे वेगळे होते, ते सगळे लायनीत यायला आणखी बराच काळ गेला. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं थेट २०१३ मध्ये तयार झाली.

या एका सहीने काय झालं? अमेरिकन क्राफ्ट बियरमधली कितीतरी मोठी नावं गॅरेजमधल्या पातेल्यातून वर आली. सिएरा नेवाडाचे केन ग्रॉसमन आधी कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरी बियर करणाऱ्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान चालवत होते. १९८० मध्ये त्यांनी ब्रूअरीतली पहिली बियर काढली.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे. नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालंय, मुद्दा तोच. परवान्याशिवाय दारू बनवायची नाही, आणि 'घरच्यापुरती, मित्रांपुरती' अशी बियरला सूट नाही. त्यामुळे हे वाचून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पातेलं चढवायचा बेत असेल तर आत्ताच गॅस बंद करा, प्लीज. ही रेसिपी तिकडे असणाऱ्या तुमच्या भावंडांसाठी. आपल्यासाठी मायक्रोब्रूअरी आहेत. महाराष्ट्रातली पहिली, डूलाली, २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली, आणि सुरुवातीपासून तिची गव्हाची बियर पब्लिकच्या आवडीची. २०१५ मध्ये आलेल्या बिराच्या पांढऱ्या बाटलीने तर धने-संत्र्याची ही चव ज्यांनी बेल्जियमचं नावही काढलं नव्हतं त्यांच्यापर्यंत नेली.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर कायद्याची ही भीती अगदीच अनाठायी नाही. आईला फोनवर सांगितलं, 'घरी केलेली बियर पिणार आहे,' तर तिचा पहिला शब्द होता, 'हातभट्टी?' २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरच्या वर माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. पण ती माणसं गेली मिथेनॉलच्या भेसळीने. बियर गाळली जात नाही, तिच्यात बाहेरून अल्कोहोल घातलं जात नाही, ती नुसती आंबते. फसली तर आंबट होते, पचका होतो, पोट बिघडेल फार तर. हा फरक आपल्या कायद्याने कधीतरी बघावा, एवढंच.

दूधवाल्याची बियर

ही धने-संत्र्याची भानगड मुळात बेल्जियमची. होगार्डन नावाच्या गावात शेकडो वर्षं गव्हाची पांढुरकी, गढूळ बियर व्हायची. डच व्यापाऱ्यांच्या गलबतांमधून मसाले आणि कुरासाओ बेटावरच्या कडू संत्र्याच्या साली आल्या, त्या पातेल्यात पडल्या. पुढे सोनेरी, स्वच्छ, पारदर्शक बियरची फॅशन आली आणि १९५० च्या दशकात गावातली शेवटची ब्रूअरीही बंद पडली. संपलं!

संपलं नाही, कारण गावात पिएर सेलिस नावाचा एक दूधवाला होता. त्याचं लहानपण त्याच ब्रूअरीच्या शेजारी, तिथे हाताखाली काम करण्यात गेलेलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याने ती बियर पुन्हा करायला घेतली. चालली, धो धो चालली. १९८५ मध्ये ब्रूअरीला आग लागली, उभं राहायला मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला आणि हळूहळू धंदा तिच्या हातात गेला. मग सेलिस उठला आणि अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला जाऊन १९९२ मध्ये त्याच चवीची बियर त्याने नव्याने सुरू केली. २०११ मध्ये तो वारला. आज जगभर बारमध्ये संत्र्याची चकती लावून येणारा प्रत्येक गढूळ ग्लास या दूधवाल्याच्या उधारीवर आहे.

आधी धुवा, मग बोला

आता शनिवार. ८ जून, सकाळी दहा. माझी अपेक्षा होती की कॉपरच्या नळ्या, वाफा, सायन्स लॅब वगैरे असेल. प्रत्यक्षात होतं वीस लिटरचं स्टीलचं पातेलं, प्लॅस्टिकची मोठी झाकणाची बादली, गाळणं, किसणी, खलबत्ता. लग्नाच्या घरात बासुंदी करायला घेतल्यासारखं!

पहिला तास गेला धुण्यात. साबणाने नव्हे, आधी स्वच्छ आणि मग सॅनिटायझरच्या पाण्यात बुडवून. जे जे उकळल्यानंतर बियरला लागणार, ते सगळं. 'दही लावताना भांडं खरकटं असेल तर काय होतं?' त्याने मला विचारलं. 'तेच.' गोड, कोमट पाणी म्हणजे जगातल्या तमाम जंतूंना जेवणाचं आमंत्रण, आपल्या यीस्टने पंगतीला पहिलं बसायला हवं. घरची बियर बिघडते ती बहुतेक वेळा रेसिपीमुळे नाही, आळसामुळे.

खरे शौकीन धान्य भरडून, ठरावीक तापमानाच्या पाण्यात तासभर भिजवून त्यातली साखर काढतात. त्याला जागा लागते, मोठी भांडी लागतात. फ्लॅटवाल्यांसाठी शॉर्टकट म्हणजे माल्ट एक्स्ट्रॅक्ट. मोड आणून भाजलेल्या धान्याचा अर्क वाळवून केलेली पिठूळ पावडर. इथे 'व्हीट' लिहिलेली घ्यायची, तिच्यात निम्म्याहून जास्त गहू आणि बाकी बार्ली असते. एकोणीस लिटरच्या बॅचला २.३ किलो.

अकरा लिटर पाणी गरम झालं, अर्धी पावडर पडली आणि घरभर हॉर्लिक्सचा वास सुटला. इथे गॅससमोरून हलायचं नाही! पहिली उकळी दुधासारखी फसकन उतू येते, आणि चिकट साखरेचा पाक शेगडीवरून खरवडण्यात उरलेला दिवस जातो. उकळी बसली की २८ ग्रॅम हॉप्स. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं. बियरचा कडूपणा त्यांचाच. हालर्टाऊ जातीचे घेतले होते, सौम्य. उन्हाळ्याच्या बियरला कडूपणा असावा तो मेथीच्या लाडवातल्यासारखा, आहे एवढं कळेल इतकाच.

मग तासभर उकळायचं. या तासात त्याला दोन फोन आले, दोन्ही रिक्रूटर्सचे. एक फोन त्याने बाल्कनीत घेतला. आत आला तेव्हा चेहरा असा की आम्ही कोणी काही विचारलं नाही. दादाने नुसती किसणी त्याच्या हातात दिली.

चार व्हॅलेन्सिया संत्री, कॅलिफोर्नियाची, जूनमध्ये ऐन भरात असतात. फक्त वरची केशरी साल किसायची, आतला पांढरा भाग अजिबात नाही, तो कडवट लागतो. साधारण २५ ग्रॅम कीस. वीस ग्रॅम धने खलबत्त्यात भरड, पूड नको. पूड केली तर बियर गढूळ तर होतेच, वर आमटीसारखी लागते! उकळायची शेवटची दहा मिनिटं राहिली की उरलेली पावडर, पाच राहिली की धने आणि साल. वास आधीच घातला तर वाफेबरोबर उडून जातो, म्हणून ही घाई शेवटी. गॅस बंद करताना स्वयंपाकघरात जो वास होता तो मला अजून सांगता येत नाही. हॉर्लिक्स, संत्र्याची बर्फी आणि मधेच कुठेतरी आईचा मसाल्याचा डबा.

त्यानंतर घाई. सिंकमध्ये बर्फ, बर्फात पातेलं, वीस डिग्रीच्या आसपास येईपर्यंत. मग बादलीत गाळून, उकळून फ्रिजमध्ये गार केलेलं पाणी घालून एकोणीस लिटर करायचं. हायड्रोमीटर टाकला. आपल्या दूधवाल्यांचा लॅक्टोमीटर आठवा, तोच प्रकार, इथे साखर मोजायची. १.०४४ आला. बादली जोरात हलवून हवा खेळवली, बेल्जियन यीस्टचं पाकीट ओतलं, झाकण लावलं. झाकणावर पाण्याची छोटी नळी, एअरलॉक. आतला वायू बाहेर जातो, बाहेरचं काही आत येत नाही. सामानाचा सगळा खर्च पंचेचाळीस डॉलर्सच्या आसपास. भांडी अर्थातच आधीची.

टबातला टी-शर्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला. एअरलॉक बुडबुडतोय! फोटोखाली एकच ओळ, 'घरात कोणीतरी काम करतंय.'

यीस्टला उकाडा आवडतो, आपल्याला मात्र उकाड्यातली यीस्ट आवडत नाही. पंचवीसच्या वर गेली की भलत्याच वासाचे उद्योग करते, काही वेळा तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास! एसी नाही, जून महिना. उपाय अस्सल देशी. बादली बाथरूमच्या टबात चार बोटं पाण्यात ठेवली, तिला जुना सुती टी-शर्ट घातला, त्याची कड पाण्यात. पाणी वर चढतं, वाळतं, बादली गार राहते. माठाचा फंडा! टी-शर्ट कुठला होता सांगायला हवं का? सहा वर्षांपूर्वी जॉइनिंग किटमध्ये मिळालेला, कंपनीचा लोगोवाला.

चौदा दिवस काहीही करायचं नसतं, आणि तेच सगळ्यात अवघड. झाकण उघडून बघायचा मोह होतो. बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असंही नाही. दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा हलला नाही की खरं झालं. आमचा १.०१० वर थांबला, म्हणजे अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या जवळ. आपल्याकडे स्ट्राँग बियरची चलती; त्या हिशेबाने ही अगदीच सोज्वळ. पण उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर बसून गप्पा मारायच्या तर हीच हवी.

२२ जूनला बाटल्या भरल्या. बियरमध्ये फेस आणायला पुन्हा थोडी साखर घालावी लागते. उरलेली यीस्ट बंद बाटलीत ती खाते आणि वायू आतच अडकतो. १२५ ग्रॅम कॉर्न शुगर, कपभर पाण्यात उकळून. इथे 'थोडी जास्त घाला की' चालत नाही! साखर जास्त झाली किंवा आधीचं फसफसणं पुरतं संपलं नसेल तर बाटली अक्षरशः फुटते, काचा उडतात. बाटल्याही तपकिरीच हव्यात. हॉप्सवर ऊन पडलं की बियरला घाण वास येतो. चार डझन बाटल्या निघाल्या. बुचं ठोकायचं काम माझ्याकडे होतं, आणि तो आवाज, खट्-खट्, सॉलिड समाधान देणारा आहे.

त्या दिवशी त्याचा तेविसावा. इंटरव्ह्यू तीन झाले होते, एक पुढे सरकला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन गोल होते. एक ६ जुलैला, निळ्या पेनाने. दुसरा २९ जुलैला, पेन्सिलीने.

चिअर्स, आणि कोथिंबीर वडी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॅलिफोर्नियात उष्णतेची लाट आली. शनिवारी दादाच्या घरामागच्या अंगणात चौदा जण, सावलीला चटया, बर्फाच्या टबात बाटल्या. वहिनी पीत नाही. तिने कोकम सरबत केलं होतं आणि ज्यांना गाडी चालवायची होती ते सगळे तिच्या पंगतीत. हा नियम याचाच, आणि कडक. व्हिसावर असताना दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं तर नुसता दंड भरून सुटका होत नाही, व्हिसा रद्द होऊ शकतो.

बाटली ओतायचीही पद्धत आहे. पाऊण बाटली ग्लासात, मग उरलेली गोल फिरवून तळाची यीस्ट ढवळायची आणि ती वर ओतायची. तो गढूळपणा हवाच असतो.

चव? प्रामाणिकपणे सांगते. संत्रं मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी होतं, घोटाच्या शेवटी, नाकाकडून येणारं. पुढे होते ते धने. म्हणजे धन्याची चव नव्हे, लिंबाच्या पानाचा चुरगळल्यावर येतो तसा ताजा वास. मध्ये गव्हाचा मऊपणा, जवळजवळ ताकासारखा. माझ्यासारख्या 'बियर कडू लागते बुवा' गटातल्या मुलीने दुसरी बाटली मागितली, यात काय ते आलं. बरोबर वहिनीच्या कोथिंबीर वड्या. पानही धन्याचंच आणि बीही धन्याचंच. जमून गेलं! बेल्जियममध्ये म्हणे ही शिंपल्यांबरोबर घेतात. घेऊ देत.

चारच्या सुमाराला त्याने खिशातून कागद काढला. पातेलं, बादल्या, बुचं ठोकायचं यंत्र, हायड्रोमीटर. प्रत्येकासमोर एकेकाचं नाव. 'वीकएण्डला कधीही घेऊन जा.' सगळे एकदम बोलायला लागले. अरे अजून तेवीस दिवस आहेत, अरे तो चौथा राउंड आहे ना, कसली घाई. तो ऐकत होता. मग म्हणाला, 'झालंच काम, तर परत मागून घेईन की. लाज वाटते का मला!'

काम झालं नाही. चौथा राउंड छान झाला आणि मग त्या कंपनीने भरतीच थांबवली. २७ जुलैला, पेन्सिलीच्या गोलाच्या दोन दिवस आधी, तो विमानात बसला. आता पुण्यात आहे, बाणेरला, बरी नोकरी आहे, संध्याकाळी सातला घरी येतो. आईवडील सांगलीहून येऊन-जाऊन असतात. मायक्रोब्रूअरीत गेलो की वेटरला धने कुठले वापरता विचारतो आणि आम्ही खाली मान घालून मेन्यू वाचतो. हायड्रोमीटर तेवढा बरोबर आणलाय, शोकेसमध्ये ठेवलाय, गणपतीच्या शेजारी. आईला वाटतं थर्मामीटर आहे.

बाकी सगळं सामान दादाकडे गेलं. वर्षभर गॅरेजमध्ये पडून होतं. २०२५ च्या जूनमध्ये एका रविवारी सकाळी आम्ही बाणेरला मिसळ खात बसलो असताना याचा फोन वाजला. दादा होता, स्पीकरवर टाकला.

'अरे, कालच लावली. पण गॅरेजमध्ये सत्तावीस डिग्री दाखवतंय. काय करू?'

'टब आहे ना?'

'आहे.'

'मग टी-शर्ट आण एखादा. सुतीच बघ, नायलॉनचा नको.'